शंभरपैकी शंभर

३ फेब्रुवारी, सोमवार

कुलसचिवांनी केबिनमध्ये बोलावून चहा दिला. तेव्हाच ओळखलं, काहीतरी गळ्यात पडणार. पडलं. विद्यापीठाची वेबसाइट आता सगळ्यांना वापरता आली पाहिजे. ज्यांना दिसत नाही, ऐकू येत नाही, हात चालत नाहीत, त्यांनासुद्धा. मार्चच्या पहिल्या आठवड्यात बाहेरून समिती येणार आणि तपासणार. नापास झालो तर पेपरात येईल. वेबसाइट विभागाचा प्रमुख मी, म्हणून सुगम्यता अधिकारीही मीच. पगार तोच.

साहेबांनी विचारलं, जमेल ना? मी म्हटलं, साहेब, विषय माझ्या घरातलाच आहे. खोटं नाही. हिची धाकटी बहीण नऊ वर्षं आमच्याकडे राहते. लहानपणी आजारात डोळे गेले. शाळेत इतिहास शिकवते. तिचा फोन स्क्रीनवरचं सगळं वाचून दाखवतो, तेही अशा सुसाट वेगात की मला एक अक्षर कळत नाही. पण नऊ वर्षं ते कानावर पडतंय. याला अनुभवच म्हणतात.

निश्चय: समितीने तोंडात बोट घातलं पाहिजे.

५ फेब्रुवारी, बुधवार

साइट तपासायचं एक सॉफ्टवेअर आहे. पत्ता टाकला की मार्क देतं. आम्हाला शंभरपैकी एकतीस. मला आयुष्यात एकतीस पडलेले नाहीत. (गणित सोडून.)

मुख्य तक्रारी दोन. फोटोंना वर्णन नाही, फॉर्ममधल्या चौकटींना नाव नाही. म्हणजे न दिसणाऱ्या माणसाच्या मशीनने त्या जागी काय बोलायचं, ते आम्ही लिहूनच ठेवलेलं नाही.

आमच्या प्रोग्रॅमरला सगळे टोपी म्हणतात, कारण ती त्याच्या डोक्यावरून उतरत नाही. तो म्हणाला, सर, मार्कांच्या मागे नका लागू, आधी ज्याला दिसत नाही अशा कुणाला तरी बसवून बघू. मी म्हटलं, आधी पास तर होऊ दे. टेन्शन मी घ्यायचं आणि सल्ले याने द्यायचे!

७ फेब्रुवारी, शुक्रवार

जेवताना धाकटीने बातमी दिली. पीएच.डी.चा अर्ज भरतेय. आमच्याच विद्यापीठात. विषय जुन्या सुईणींच्या आठवणी. म्हाताऱ्या बायकांकडे जाऊन जाऊन तिने कितीतरी तास रेकॉर्ड करून ठेवलेत. ज्या बाई मार्गदर्शन करणार त्या लवकरच निवृत्त होतायत, त्यांच्याकडे एकच जागा उरलीय आणि ती त्यांनी धाकटीसाठी धरून ठेवलीय. यंदा नाही तर कधीच नाही. शेवटची तारीख २८. उद्या सुट्टी आहे, म्हणून उद्याच भरून टाकते म्हणाली.

मी म्हटलं, थांब! १७ तारखेला नवी साइट येतेय. पहिला अर्ज तुझा. फोटो काढू, समितीला दाखवू.

ती म्हणाली, जुनी साइट ओबडधोबड आहे पण कसंबसं चालतं भाऊजी, काल तिसऱ्या पानापर्यंत गेले होते. ही म्हणाली, भरू दे ना तिला, कशाला मध्ये पडता. मी ताट सरकवलं आणि म्हटलं, घरच्याच माणसांचा विश्वास नसेल तर बोलणंच खुंटलं.

धाकटी म्हणाली, बरं, थांबते.

१० फेब्रुवारी, सोमवार

चौकटींचा प्रश्न दुपारच्या आत निकालात काढला. सॉफ्टवेअर म्हणतं प्रत्येक चौकटीला नाव हवं. घ्या नाव! टोपीला सांगितलं, सगळ्या चौकटींना ‘चौकट’ असं नाव दे. तो माझ्याकडे बघतच राहिला. म्हणाला, सर, नाव म्हणजे त्यात काय भरायचं ते, जन्मतारीख, विषय वगैरे. मी म्हटलं, फॉर्म किती, चौकटी किती, आपल्याकडे दिवस किती? हिशोब कर आणि बोल.

चौकट, चौकट, चौकट. मार्क चौसष्ट.

१२ फेब्रुवारी, बुधवार

फोटोंची वर्णनं मी स्वतः लिहितोय. ऑफिसातल्या पोरांनी ‘इमारत’, ‘माणूस’ असं लिहून आणलं होतं. हद्द झाली! ज्याला दिसत नाही त्याच्यापुढे ‘इमारत’ एवढाच शब्द टाकायचा? कॉलेजात निबंधाचा ढाल-करंडक मी दोनदा आणला होता, ते असं काही लिहायची वेळ येईल म्हणूनच.

मुख्य इमारतीचं वर्णन: ‘कोवळ्या उन्हात न्हाऊन निघालेली, ज्ञानाच्या ध्यासाने नभाला भिडू पाहणारी ही भव्य वास्तू, जिच्या पायऱ्यांवर असंख्य स्वप्नांची पावलं उमटली...’ अजून सहा ओळी आहेत. लिहिताना माझेच डोळे पाणावले.

घरी हिला वाचून दाखवलं. कणीक मळत ऐकलं. म्हणाली, धाकटीला विचारलंत का? मी म्हटलं, घरच्या माणसाचं मत घेणं बरं दिसत नाही, पक्षपात होतो.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

कुलगुरूंचे पीए ठाण मांडून बसले. प्रत्येक पानावर वर कुलगुरूंचा फोटो असतो. त्याच्या वर्णनात साहेबांच्या सगळ्या पदव्या, सगळी पदं आणि परदेश दौरे आलेच पाहिजेत म्हणतात. क्रम चुकता कामा नये. मी ‘प्रसन्न मुद्रा’ लिहिलं होतं. पीए म्हणाले, ‘प्रसन्न पण करारी’. घातलं. एकूण वर्णन पाऊण पान भरलं.

टोपी पुन्हा आडवा आला. म्हणाला, मशीन प्रत्येक पान वरून वाचतं, प्रत्येक वेळी हे सगळं ऐकावं लागेल. निदान वर ‘थेट मजकुराकडे जा’ अशी लिंक होती ती काढू नका. ती लिंक इमारतीच्या फोटोवर बरोबर आभाळात येत होती. काढली. सौंदर्य म्हणून काही असतं की नाही?

१७ फेब्रुवारी, सोमवार

शंभरपैकी शंभर!

कुलसचिवांना लेखी अहवाल दिला: ‘साइटवर आता कोणताही अडथळा उरलेला नाही.’ खाली झोकात सही. पेढे वाटणार होतो, पण टोपीचं तोंड बघून इच्छा गेली.

रात्री जेवताना धाकटीला सांगितलं, रस्ता मोकळा आहे.

१९ फेब्रुवारी, बुधवार

धाकटीचा अर्ज काल झाला नाही. आजही झाला नाही. फॉर्म पंधरा मिनिटांत आपोआप बंद होतो आणि भरलेलं सगळं पुसतो, सुरक्षेसाठी. ती म्हणते, पाच पानांचा फॉर्म, प्रत्येक पानावर आधी इमारत, मग कुलगुरू. तिसऱ्या पानावर पोचेपर्यंत वेळ संपते. पुढे उडी मारली तर फोन नुसतं ‘चौकट’ म्हणतो. पूर्वी चौकटीला नाव नव्हतं तेव्हा फोन शेजारचा प्रश्न वाचून अंदाज तरी बांधायचा. आता नाव आहे, म्हणून तेवढंच बोलतो.

मी म्हटलं, नवीन आहे, सवय होईल.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

पुन्हा नाही. स्वयंपाकघरात भांडी जरा जोरातच आपटतायत.

धाकटीने विचारलं, जुनी साइट एक दिवस परत लावता येईल का? टोपी म्हणाला, तासाभराचं काम आहे. पण जुनी लावली की मार्क एकतीस. आणि नेमकं त्याच दिवशी समितीने डोकावून पाहिलं तर? तोंड दाखवायला जागा राहणार नाही. एका माणसासाठी सबंध विद्यापीठ वेठीला धरता येत नाही, असं मी शांतपणे समजावलं. धाकटी उठून गेली. माझं बोलणं तिला पटलं असावं.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

ही म्हणाली, मी भरते तिचा अर्ज, पाच मिनिटांचं काम. धाकटी नाही म्हणाली. शेवटच्या पानावर लिहून द्यावं लागतं, हा अर्ज मी स्वतः भरला आहे. ती म्हणाली, उद्या संशोधन करायचंय मला, ताई, आणि पहिल्याच पानावर खोटं लिहू? शिवाय मीच काही दिवस थांबले नसते तर झालाही असता.

शेवटचं वाक्य माझ्याकडे तोंड करून म्हणाली. आपल्याला समोरच्याची जागा नेमकी कळते हे ती कधीकधी मुद्दाम दाखवते.

जेवण गेलं नाही. ॲसिडिटी आहे.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

मार्गदर्शक बाईंचा घरी फोन. १० मार्चला त्यांना नाव कळवायचंय. त्याआधी अर्ज विद्यापीठात दिसला नाही तर जागा दुसऱ्याला जाईल. धाकटी बोलताना नुसतं हो हो म्हणत होती. फोन ठेवल्यावर बराच वेळ खुर्चीतून उठली नाही. उद्या काय वाट्टेल ते झालं तरी अर्ज जाणार. मी बघतो.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार. सकाळी

योजना तयार. धाकटीने शाळेतून रजा घेतलीय, घरी प्रयत्न करत बसेल. बसू दे. हिच्याकडून तिचा पासवर्ड हळूच काढून घेतलाय. ही म्हणाली, करण्याआधी तिला फोन करा हं. कशाला? नाही म्हणेल. ऑफिसातून गुपचूप भरून टाकतो आणि संध्याकाळी घरी जाऊन सरप्राइज देतो. मला दिसतंय, त्यामुळे दहा मिनिटांचा खेळ आहे.

दुपारी तीन

पीएंनी समितीच्या स्वागताची रंगीत तालीम लावली. पुष्पगुच्छ कोणी कुठून द्यायचा यावर दीड तास गेला. आता बसतो. फॉर्म पाच वाजता बंद.

दुपारी चार

पहिलंच पान: जन्मतारीख. मला माहीत नाही. पावसाळ्यातली कुठलीतरी आहे. हिला फोन लावला, बँकेत होती, तिने सांगितली. तेवढ्यात स्क्रीनवर: ‘दुसऱ्या ठिकाणाहून प्रवेश झाल्यामुळे तुम्हाला बाहेर काढण्यात येत आहे.’

कोण हे?

चार वाजून गेले

पुन्हा शिरलो. पुन्हा बाहेर! कोणीतरी धाकटीच्या खात्यात घुसतंय. हॅकर! शेवटच्या दिवशी, शेवटच्या तासाला, एका न दिसणाऱ्या मुलीच्या खात्यात! कसली माणसं असतात जगात. मी बाह्या सरसावल्या. तो शिरला की मी शिरतो, मी शिरलो की तो. चिवट आहे, पण मीही काही कच्च्या गुरूचा चेला नाही. टोपी म्हणाला, सर, घरी एक फोन करून बघा ना. मी म्हटलं, मध्ये बोलू नकोस, हात थांबला की तो घुसतो.

पाच

फॉर्म बंद झाला. अर्ज गेला नाही, पण हॅकरचंही काही चाललं नाही. शेवटपर्यंत त्याला टिकू दिलं नाही. छाती अजून धडधडतेय. घरी जाऊन सांगतो, तुझं खातं मी वाचवलं.

१ मार्च, शनिवार

हॅकर नव्हता.

धाकटीने आठवडाभर बसून, कितवी चौकट कशाची, ते पाठ केलं होतं. कुलगुरूंचा फोटो वाचायला लागला की किती वेळा बटण दाबून सुटका होते तेही. काल चारला ती शेवटच्या पानावर होती. ‘मी स्वतः भरला आहे’ वर खूण करणार एवढ्यात तिला कुणीतरी बाहेर काढलं. मग ती पुन्हा शिरली. पुन्हा काढलं.

हे तिने रडून सांगितलं असतं तर मला बरं वाटलं असतं. तिने शांतपणे सांगितलं. हीच रडली.

तांत्रिक योगायोग. दोघांचाही हेतू चांगला होता. एका खात्यात एकाच वेळी दोघांना राहता यावं अशी सोय नसणं ही सिस्टिमची त्रुटी आहे. तरीही दिवसभर घरात वावरताना चोरासारखं वाटलं.

४ मार्च, मंगळवार

समिती आली. चौघंजण. मी शंभर मार्कांची स्लाइड मोठ्या पडद्यावर लावली. टाळ्या पडल्या. मग समितीतल्या एक बाई काठीने वाट काढत पुढे आल्या. त्यांना दिसत नाही. आपला लॅपटॉप हॉलच्या स्पीकरला जोडा म्हणाल्या.

मशीन बोलायला लागलं. कोवळ्या उन्हात न्हाऊन निघालेली. मग कुलगुरू, प्रसन्न पण करारी. पहिल्यांदा कुलगुरू खुर्चीत सावरून बसले. दुसऱ्या पानावर पुन्हा. कोणीतरी खोकलं. तिसऱ्या पानावर परदेश दौरे सुरू झाले तेव्हा मागच्या रांगेत हसू फुटलं. मग चौकट, चौकट, चौकट. मग वेळ संपली आहे. कुलगुरू आता फक्त करारी दिसत होते.

बाईंनी विचारलं, हे तयार करताना न दिसणाऱ्या कुणाला बसवून पाहिलं होतं का? मी म्हटलं, नाही, मिळालं नाही कुणी. मग का कोण जाणे, तोंडातून गेलं, घरात एक आहे. त्या म्हणाल्या, मग? मी म्हटलं, विचारलं नाही.

हॉलमध्ये एसी फार होता. अंगाला घाम कशाने आला कळलं नाही.

६ मार्च, गुरुवार

वर्णनं काढली. चौकटींना खरी नावं मिळाली. टोपीने दीड दिवसात केलं. वेबसाइट विभाग तात्पुरता त्याच्याकडे.

पण आज एक चांगलं काम केलं. कुलसचिवांकडे गेलो, धाकटीची सगळी हकिकत सांगितली, म्हटलं, एक दिवसासाठी फॉर्म उघडा. त्यांनी कपाटातून माझाच अहवाल काढला. कोणताही अडथळा उरलेला नाही, खाली झोकदार सही. म्हणाले, साइट सदोष होती म्हणून अमुक अर्जदाराचा अर्ज राहिला, एवढं दोन ओळींत लिहून दे, मी त्याच दिवशी उघडतो. पण सोमवारच्या आत, दहाला नावं जातायत.

धाकटीला सांगितलं. कितीतरी दिवसांनी तिने मला भाऊजी म्हणून हाक मारली. म्हणाली, भाऊजी, आत्ताच लिहून टाका ना.

७ मार्च, शुक्रवार

दोन ओळी लिहायला बसलो. दोन ओळींत माणसाची सगळी नोकरी मातीत जाते. साइट सदोष होती म्हणजे नेमकं काय? पार्श्वभूमी नको? उपलब्ध मनुष्यबळ? सॉफ्टवेअरच्या मार्कांचा फसवेपणा? हे काही घाईचं लिखाण नाही. ही दर तासाला डोकावतेय, त्याने लय तुटते.

९ मार्च, रविवार

पाच पानं झाली. सुंदर उतरलंय. वाचणाऱ्याचं मन हेलावलं पाहिजे.

१० मार्च, सोमवार

सकाळी पत्र दिलं. साहेब मीटिंगला निघाले होते, चालता चालता पहिलं पान बघितलं. विद्यापीठाच्या वेबसाइटची स्थापनेपासूनची वाटचाल होती त्यावर. म्हणाले, संध्याकाळी वाचतो. संध्याकाळी म्हणाले, तिसऱ्या पानापर्यंत आलो, मुद्दा अजून आला नाही. तोवर नावं गेली होती. मार्गदर्शक बाईंकडची जागा दुसऱ्याला.

घरी आलो. सांगितलं. ही आत निघून गेली. धाकटी टेबलाशी बसली होती, कानाला फोन नाही, काही नाही. म्हणाली, पत्राची कॉपी आहे ना, वाचून दाखवा. मी घसा साफ करून सुरुवात केली. तिने हात वर केला. म्हणाली, पहिल्यापासून नको. माझ्या अर्जाचं लिहिलंय तेवढंच वाचा.

पान उलटलं. दुसरं. तिसऱ्यावर मनुष्यबळ. चौथ्यावर माझी सेवेची वर्षं. पाचव्यावर कुलगुरूंचे आभार. पुन्हा पहिल्यापासून चाळलं. पाच पानांत तिचं नाव नव्हतं. अर्जही नव्हता.

मी म्हटलं, चष्मा सापडत नाहीये, उद्या वाचतो.

ती म्हणाली, चष्म्याच्या डबीचा आवाज मघाशीच आला मला.